टर्लिंगुआ, टेक्सस: छपरावरच्या पाण्याची कामवही

जागा: टर्लिंगुआच्या उत्तरेला, हमरस्ता ११८ पासून आत कच्च्या रस्त्यावर. ब्रूस्टर काउंटी, टेक्ससमधली क्षेत्रफळाने सर्वांत मोठी. मोठा बाजार आल्पाइनला, सुमारे १३० किलोमीटरवर. नळ नाही, विजेची तार नाही. बोअर मारली तर खोल जावं लागतं आणि पाणी खारट निघण्याची भीती. म्हणून इथे छप्पर हीच विहीर.

काम: ९ मीटर लांबीच्या राहत्या ट्रेलरवर वेगळं पत्र्याचं छप्पर, दोन टाक्या, पंप आणि गाळणी. माणसं दोन.

३ फेब्रुवारी. हिशेब

छप्पर १२.२ × ९ मीटर, म्हणजे ११० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस २८० मि.मी. धरला. माणदेशात पडतो त्याच्या जवळपास निम्मा. ११० चौरस मीटरवर १ मि.मी. पडला की ११० लिटर. त्यातले १५ टक्के उडण्यात, पत्रा ओला होण्यात आणि पहिलं घाण पाणी सोडण्यात जातात. हाती उरतात मिलिमीटरमागे ९३.५ लिटर, वर्षाचे सुमारे २६,२०० लिटर.

खर्च माणशी रोज ३५ लिटर धरला. दोघांचे ७०, वर्षाचे २५,५५०. वर्षाची बेरीज जेमतेम जुळते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. मे ते ऑक्टोबरमध्ये सुमारे २२५ मि.मी. आणि नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत फक्त ५५. त्या सहा महिन्यांत छपरावरून ५,१४० लिटर येणार आणि लागणार १२,६७०. मधले साडेसात हजार लिटर ऑक्टोबरअखेर टाकीत असायलाच हवेत. टाकीचं माप ठरतं ते या कोरड्या सहामाहीवरून.

पाऊस निम्माच झाला तर साडेसात हजारांनी भागणार नाही. म्हणून २,५०० गॅलनच्या, म्हणजे प्रत्येकी ९,४६० लिटरच्या दोन टाक्या ठरवल्या. ५,००० गॅलनची एकच टाकी गॅलनमागे स्वस्त पडते, तरी नको. एकीत उंदीर पडला किंवा सांधा फुटला तर दुसरी हाताशी राहते. शिवाय मोठी टाकी कच्च्या रस्त्याने आणणं जिकिरीचं.

खरेदीआधी एक काम विसरू नका. पावसाचं पाणी साठवण्याच्या साहित्यावर टेक्ससमध्ये विक्रीकर माफ आहे. राज्याचा दर ६.२५ टक्के. माफीचा फॉर्म भरून दुकानात द्यायचा असतो. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

९ फेब्रुवारी. जागेची आखणी

जागा उंचवट्यावर घेतली. खालच्या सपाटीवर क्रिओसोटची झुडपं दाट आहेत, जमीन मऊ आहे, खणायला सोपी. पण तिथून अरोयो जातो. अरोयो म्हणजे आपला ओढा, वर्षातले बहुतेक दिवस कोरडा. डोंगराकडे पाऊस झाला की इथे थेंब नसतानाही त्याला लोंढा येतो. काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते पाहा, लोंढ्याची पातळी कळते. इथे तो गुडघ्याच्या वर होता.

ट्रेलरचं दार पूर्वेला ठेवलं. छपराचा उतार उत्तरेकडे, एकपाखी, १२ ला १. दुपाखी छपराला दोन बाजूंना पन्हळी लागतात, सांधे दुप्पट होतात. इथला वारा आणि ऊन पाहता जितके सांधे कमी तितकं बरं.

खांबांच्या तीन ओळी, प्रत्येकीत चार. ओळींत ३.९ मीटर, ओळीतल्या खांबांत ३.६७ मीटर. ट्रेलर अडीच मीटर रुंद असतो, तो दोन ओळींत बसतो. ट्रेलरला बाहेर सरकणारी खोली असेल तर हे अंतर पुरणार नाही, ती उघडून मापं घ्या.

१२ ते १९ फेब्रुवारी. खड्डे

१२ खड्डे, ३० सें.मी. व्यास, ९० सें.मी. खोल. पहिल्या दिवशी दोनच झाले. वरची वीतभर माती सुटी, खाली कॅलिची लागली. चुन्याने घट्ट झालेला हा पांढरा थर टिकावाला दाद देत नाही. खड्डे खणायचा यांत्रिक गिरमिट नुसता गरगरतो आणि दात बोथट होतात. पहारीने कडेकडेने ढलप्या काढल्या, तीन खड्ड्यांना जनरेटरवरचा ब्रेकर लावला. कॅलिची लागली म्हणून ४० सें.मी.वर थांबण्याचा मोह होतो. थांबू नका. उघड्या शेडचं छप्पर वाऱ्याने खाली बसत नाही, वर उचललं जातं. खांब धरून ठेवायला काँक्रीटचं वजन आणि खोली दोन्ही लागतात.

खांब तेलविहिरीवरच्या जुन्या पाईपचे, बाहेरून ७३ मि.मी. टेक्ससमध्ये हा पाईप सहज मिळतो आणि जाड असतो. खड्ड्यामागे सुमारे ६० लिटर काँक्रीट. ३६ किलोच्या तयार मिश्रणाच्या पिशवीत १७ लिटर होतं, म्हणजे खड्ड्याला साडेतीन पिशव्या. एकूण ४२, आणल्या ४४. दीड टनाहून जास्त वजन, दोन खेपांत आणलं.

पिशवीमागे ३ लिटर पाणी धरा. ४२ पिशव्यांना १२६ लिटर, वर घमेली-फावडी धुण्याचं आणि काँक्रीट ओलं ठेवण्याचं. २०० लिटर पाणी आधी आणून ठेवलं नसतं तर काम अडलं असतं. कोरड्या वाऱ्यात काँक्रीटचं तोंड तासाभरात फुटतं, म्हणून ओली गोणपाटं तीन दिवस ठेवली.

खांब उभे करताना ओळंबा दोन बाजूंनी लावला. खांबांची डोकी नंतर दोरी लावून एका पातळीत कापायची, खड्ड्यात मातीचे गोळे ठेवून उंची जुळवत बसायचं नाही.

भरावाबद्दल एक ताकीद. घोस्ट टाउनच्या, म्हणजे टर्लिंगुआच्या ओस पडलेल्या जुन्या खाणगावाच्या आजूबाजूला खाणीचे जुने ढिगारे दिसतात, बारीक, तांबूस, भरावाला अगदी योग्य वाटणारे. चिसोस मायनिंग कंपनीने १९०३ पासून इथे सिनाबार हे पाऱ्याचं खनिज भाजून पारा काढला, १९४२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भाजलेल्या दगडात पारा उरलेला असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या कामाला तो भराव फुकट मिळाला तरी नको.

२ ते २० मार्च. सांगाडा आणि पत्रा

खांबांवर राफ्टर म्हणजे वासे, त्यावर ६ इंची सी-पर्लिनच्या, म्हणजे पत्रा धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, नऊ ओळी, ११२ सें.मी. अंतराने. खालची वळचण ३.९ मीटर उंच, वरची ४.६५. ही उंची नुसती ट्रेलरसाठी नाही. वळचणीतून पाणी उतरून टाकीच्या माथ्यात पडायचं आहे आणि मध्ये पहिल्या पाण्याचा उभा पाईप बसायचा आहे.

वेल्डिंग करताना काउंटीत उघड्यावर जाळ करायला बंदी जाहीर आहे का ते आधी पाहा. सुकं गवत ठिणगीने पेटतं. खाली दहा मीटरचा पट्टा साफ केला, दोन बादल्या पाणी, फावडं आणि एक माणूस फक्त ठिणग्यांवर लक्ष ठेवायला.

पत्रा २६ गेजचा, अ‍ॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याचा, झाकणारी रुंदी ९१ सें.मी. रुंदीत १४ पत्रे. ९ मीटरचा अखंड पत्रा घेतला तर सांधा वाचतो, पण मार्चमध्ये इथे वाऱ्याचे दिवस असतात आणि तेवढा लांब पत्रा हातात शिडासारखा भरतो. ४.६५ मीटरचे २८ पत्रे घेतले, वरचा खालच्यावर ३० सें.मी. चढवला, मध्ये ब्युटिल टेप, म्हणजे सांधा बुजवणारी चिकट रबरी पट्टी. पहाटे साडेसहाला सुरुवात, दहाला वारा उठला की पत्र्याचं काम बंद. सैल पत्र्यांवर दगड ठेवून भागत नाही, पट्ट्याने बांधा.

स्क्रू रबरी वायसरचे, पत्र्याच्या सपाट भागात, पर्लिनवर दर ३० सें.मी.ला. सुमारे ३७०, शिवाय बाजूचे सांधे धरणारे वेगळे. ५०० आणले. वायसर जरासा फुगेपर्यंतच आवळा. तो चपटा होऊन बाहेर आला म्हणजे वर्षा-दोन वर्षांत उन्हाने तडकणार.

पत्रा कापल्यावर आणि भोकं पडल्यावर लोखंडाचा भुगा वर राहतो. तो त्याच संध्याकाळी मऊ झाडूने खाली लोटा. एका कोपऱ्यातला राहिला होता. दोन रात्रींच्या दवाने तिथे तांबेऱ्याचे ठिपके उठले, मुलामा त्या जागी कायमचा गेला.

६ एप्रिल. टाकीचे ओटे

प्रत्येकी ३ × ३ मीटर, १५ सें.मी. उंच, एक छपराच्या पूर्व टोकाला, एक पश्चिमेला. भरलेली टाकी साडेनऊ टनांची असते. वजन पसरलेलं असल्याने जमीन ते सोसते, पण टाकीच्या बुडाखाली एखादा टोकदार खडा राहिला तर प्लॅस्टिक त्या जागी कालांतराने फाटतं. खाली चाळलेली खडीची कच, ५ सें.मी.चे तीन थर, प्रत्येक थर ओलसर करून धुम्मसाने ठोकला. वर दोन बोटं बारीक वाळू. कडेला दगडी बांध, नाहीतर पहिल्याच वादळात कड धुपून जाते.

दोन्ही ओटे एका पातळीत हवेत, कारण टाक्या बुडाशी पाईपने जोडायच्या आहेत. ओट्यांमधलं अंतर साडेबारा मीटर. एवढ्यावर स्पिरिट लेव्हलचा भरवसा नाही. गवंड्याची पाण्याची नळी वापरली: १५ मीटर पारदर्शक नळी, आत रंगीत पाणी. बुडबुडा राहिला की माप खोटं येतं, म्हणून नळी पूर्ण भरून एक टोक वर धरून झटकली आणि दोन्ही टोकं शेजारी आणून पाणी एका रेषेत येतं का ते पाहिलं. मग टोकं दोन ओट्यांवरच्या फळ्यांना लावली. पश्चिमेचा ओटा ३८ मि.मी. खाली निघाला. नुसत्या डोळ्यांना कळलंही नव्हतं.

३८ मि.मी.ने काय बिघडतं? पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, त्यामुळे खालची टाकी आधी सांडू लागते आणि वरची कधीच पूर्ण भरत नाही. टाकीच्या बुडाचं क्षेत्रफळ ४.५६ चौरस मीटर, म्हणजे १७३ लिटर जागा वाया. दोघांचं अडीच दिवसांचं पाणी. अर्ध्या दिवसात एक थर वाढवून ओटा उचलला. टाकी बसल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

१३ एप्रिल. टाक्या आल्या

गडद हिरव्या पॉलिएथिलीनच्या, पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित, व्यास २.४१ मीटर, उंची २.३. रंग गडदच हवा. १,००० लिटरचे पांढुरके पिंजरा-डबे स्वस्तात मिळतात आणि इथे घरोघरी दिसतात. पण त्यातून ऊन आत जातं आणि दोन आठवड्यांत पाणी हिरवं होतं. ते वापरायचे तर काळा रंग द्या किंवा पत्र्याने झाका. आधी त्यात काय होतं हे माहीत नसेल तर झाडांपुरतेच ठेवा.

रिकामी टाकी वाऱ्याने लोळत जाते. पाण्याने दाबून ठेवायची तर ३० सें.मी. भरावी लागते, म्हणजे टाकीमागे १,३७० लिटर. पिकअपमध्ये आणायचं पाणी खेपेला ५०० लिटरच धरा. १,००० लिटरचा डबा गाडीत मावतो म्हणून लोक तो काठोकाठ भरतात. ते वजन टनाच्या वर जातं, साध्या पिकअपचे स्प्रिंग बसतात आणि उतारावर ब्रेक लागत नाहीत. म्हणून टाकीमागे ५०० लिटर, ११ सें.मी., भरलं आणि चार बाजूंना जमिनीत खुंट ठोकून पट्ट्याने बांधली.

२७ एप्रिल

पन्हळ लागायच्या आत ४ मि.मी. पाऊस. पागोळ्या जमिनीवर गेल्या. वाईट वाटायचं कारण नाही, नव्या पत्र्यावर कारखान्यातलं तेल असतं, पहिली एक-दोन धुणी जाऊ द्यायचीच असतात.

४ ते ९ मे. पन्हळ

६ इंची अ‍ॅल्युमिनियमची. सकाळी हाताला गार लागणारी पन्हळ दुपारी धरवत नाही. १२.२ मीटर लांबीत ४० अंशांच्या फरकाने ती ११ मि.मी. वाढते. दोन्ही टोकं घट्ट बांधून मधला सांधा सीलंटने भरला की पहिल्या उन्हाळ्यातच तो सुटतो. म्हणून दोन वेगळ्या पन्हळी लावल्या, प्रत्येकी ६.१ मीटरला थोडी कमी. मध्यभागी दोघींची बंद टोकं पाठीला पाठ लावून, मध्ये १५ मि.मी. फट, वर दुमडलेल्या पत्र्याची टोपी. सांधाच नाही, मग गळणार काय? उतार मध्यापासून दोन्ही टोकांकडे, मीटरला ५ मि.मी.

उतरते पाईप ४ इंची, दोन. १०० मि.मी. ताशी वेगाच्या सरीत या छपरावरून मिनिटाला १८३ लिटर येतात. एका पाईपनेही निभावलं असतं, पण एकात पक्ष्याचं घरटं निघालं तर दुसरा हवा.

पीव्हीसी जोडताना: सोल्युशन इथल्या दुपारी लावता लावता सुकतं, पाईप अर्धाच आत जातो आणि तिथेच अडकतो. दोन एल्बो असे फुकट गेले. सगळे जोड सकाळी आठच्या आत, पाईप सावलीत ठेवून, आधी कोरडे बसवून खुणा करून. उघड्यावरच्या पीव्हीसीला पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात द्या, ऊन त्याला ठिसूळ करतं.

१२ मे. पहिल्या पाण्याचा पाईप

दोन पावसांच्या मधल्या आठवड्यांत पत्र्यावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि मेस्किटचा फुलोरा साठतो. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. ही घाण टाकीत जाऊ नये म्हणून सुरुवातीचं पाणी वेगळ्या उभ्या पाईपमध्ये अडवायचं. तो भरला की आतला चेंडू तरंगून तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं.

टेक्ससमध्ये १०० चौरस फुटांना १ ते २ गॅलन सोडण्याचा प्रघात आहे. धूळ पाहता वरचा आकडा घेतला: ९० लिटर. ६ इंची पाईपच्या मीटरमध्ये सुमारे १८.६ लिटर मावतात. प्रत्येक टोकाला २.४ मीटरचा एक, दोन्ही मिळून ९० लिटर.

यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे तळाचं भोक. पाऊस संपल्यावर पाईप आपोआप रिकामा झाला पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसाला त्यात जागाच नसते आणि सगळी घाण सरळ टाकीत जाते. आधी ३ मि.मी.चं भोक पाडलं. त्यातून ४५ लिटर ५० मिनिटांत निघून जातात. इथल्या सरी तासा-तासाच्या अंतराने येतात. पहिल्या सरीने धुतलेल्या छपराचं चांगलं पाणी दुसऱ्या सरीत पुन्हा पाईप भरण्यात जातं, ९० लिटरचा फटका. २ मि.मी.च्या भोकाला पाईप रिकामा व्हायला जवळपास दोन तास लागतात. तेच ठेवलं. पण २ मि.मी.चं भोक चिखलाने पटकन बुजतं. त्यावर आतून बारीक जाळीची टोपी बसवली आणि तळाला आट्यांचं झाकण, महिन्यातून एकदा फिरवून काढायला. निघालेलं पाणी नळीने मेस्किटच्या आळ्यात.

१५ मे. टाकीचे जोड

पाणी टाकीत वरून धबाधबा पडलं तर तळाचा गाळ ढवळतो. म्हणून आतला पाईप तळापर्यंत नेऊन शेवटी दोन एल्बोंनी तोंड वर केलं. बाहेर जाणारा नळ तळापासून १० सें.मी. वर, त्याखाली गाळ बसायला जागा. सांडवा ४ इंची, आत येणाऱ्या पाईपएवढाच. दीड इंची सांडवा लावलेल्या टाकीचं झाकण फुगून पाणी वरून वाहतं आणि ओट्याची कड धुपते. सांडव्याच्या तोंडाला, झाकणाच्या श्वासभोकाला, सगळीकडे दीड मि.मी.ची जाळी. डास आणि मधमाशा या दोघांनाही ओलं, अंधारं भोक हवं असतं.

पश्चिमेच्या टाकीचा बल्कहेड, म्हणजे टाकीच्या भिंतीतून पाईप बाहेर काढणारा जोड, ठिबकत होता. रबराचा वायसर बाहेरून, नटाखाली बसला होता. तो आतून, कॉलरखाली हवा. काढून पुन्हा बसवला. हाताने घट्ट आणि वर पाव ते अर्धा फेरा, बस्स. पान्ह्याने जोर केला की रबर सरकतं आणि ठिबक वाढते. बऱ्याच बल्कहेडच्या नटाचे आटे उलटे असतात. घट्ट करतोय असं समजून माणूस सैल करत राहतो.

दोन टाक्यांमधला जोडपाईप २ इंची, ४५ सें.मी. खोल चरात, दोन्ही टोकांना बॉल व्हॉल्व्ह. टाकीलगत अर्ध्या हाताचा लवचीक होज ठेवला. टाकी भरली की तिचं अंग फुगतं, कडक पाईप असेल तर जोडावर ताण येतो.

पातळी पाहायला बाहेर पारदर्शक नळी लावली नाही, तीही हिरवी होते. आत तरंगता गोळा, दोरी कप्पीवरून बाहेर, तिला वजन. वजन खाली तर टाकी भरलेली. दोन्ही टाक्यांची मिळून १ सें.मी. पातळी म्हणजे ९१ लिटर. हा एक आकडा दाराच्या आत खडूने लिहून ठेवला आहे, बाकी सगळे हिशेब त्यावरून होतात.

२० मे. पंप आणि गाळणी

१२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, मिनिटाला सुमारे ११ लिटर, ३.१ बारला आपोआप बंद. चालू असताना ७ अँपिअर घेतो, म्हणजे ८४ वॅट. ऐकायला मोठं वाटतं, पण ७० लिटर ७ मिनिटांत होतात, रोजची १० वॅट-तास वीज. पंपापुढे छोटी दाबटाकी लावा. ती नसेल तर नळ बारीक सोडल्यावर पंप सेकंदाला चालू-बंद होतो आणि त्याचा दाबस्विच जळतो.

क्रम: २० मायक्रॉन, ५ मायक्रॉन, कोळसा, मग पिण्याच्या नळावर अतिनील दिवा. दिवा शेवटीच. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात, म्हणून ५ मायक्रॉन आधी. २० वॅटचा दिवा चोवीस तास ठेवला तर ४८० वॅट-तास खातो. तसं न करता दिवसातून एकदा लावायचा, दोन मिनिटं थांबायचं, २० लिटरचा डबा भरायचा, बंद करायचा. दिवा जळला नाही तरी वर्षाने बदला, उजेड दिसतो पण जोर गेलेला असतो.

सौर पॅनेल २०० वॅट, लिथियम बॅटरी १०० अँपिअर-तास. बाहेरचा दिवा एकच, खाली तोंड करून, पिवळसर, झाकलेला. २०२२ पासून हा सगळा मुलूख अंधाऱ्या आकाशाचं आंतरराष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे, आणि आकाशगंगा इथे अंगणातून दिसते.

२४ मे. पहिली परीक्षा, नापास

संध्याकाळी ६ मि.मी. छपरावर ६६० लिटर पडले. पहिल्या पाण्याचे ९० वजा, उडण्याचे थोडे वजा, टाकीत ५२० यायला हवे होते. पातळी वाढली ३.४ सें.मी., म्हणजे ३१० लिटर. २१० लिटर कुठे गेले?

पन्हळीखालची जमीन पाहिली. दोरी लावल्यासारखी सरळ ओली रेघ, वळचणीच्या आतल्या बाजूला. पत्र्याची कड पन्हळीत जेमतेम १ सें.मी. आली होती. हळू पडणारं पाणी कडेवरून खाली न पडता पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे वळतं आणि पर्लिनवरून टपकतं. वारा समोरून असला की आणखी. कडेखाली दुमडलेली ठिबकपट्टी सरकवली, तिचं टोक पन्हळीत ४ सें.मी. आत. एका दिवसाचं काम.

९ जुलै. दुसरी परीक्षा

१४ मि.मी. चाळीस मिनिटांत. अपेक्षा सुमारे १,३८० लिटर. पातळी १५ सें.मी. वाढली, १,३६८ लिटर. ठिबकपट्टीचं काम लागू पडलं. अरोयो रात्री दोन तास वाहत होता, रस्ता सकाळी दहापर्यंत बंद.

पाऊस येण्याआधी हवेत दमटपणा आला की सेनिझोच्या राखाडी झुडपांना जांभळी फुलं येतात. फुलं दिसली की पन्हळीतला कचरा काढून घ्या.

१४ ऑगस्ट

पूर्वेकडच्या भोकाची जाळी चिखलाने बंद, पाईप भरलेलाच राहिला होता. म्हणजे मागचा पाऊस न गाळता टाकीत गेला. ५ मायक्रॉनची गाळणी महिन्यातच चॉकलेटी झाली. पावसाळ्यात जाळी महिन्याने नाही, दर पावसानंतर पाहायची.

अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी मेस्किटला सोडलं आहे. घरगुती वापरात दिवसाला ४०० गॅलनपर्यंत टेक्ससमध्ये परवाना लागत नाही, पण स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी त्यात धरत नाहीत. ते सेप्टिकलाच.

३१ ऑक्टोबर

पातळी १०२ सें.मी., ९,३०० लिटर. हिशेबाला लागणाऱ्या साडेसात हजारांहून जास्त, पण टाक्या निम्म्याच भरल्या आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चिलीची स्पर्धा असते, १९६७ पासूनची. या आठवड्यात गावात हजारो माणसं येतात. आल्पाइनहून सामान आणायचं काम पुढे ढकललं.

१९ डिसेंबर

पहाटे उणे ६ अंश. पंपाच्या पुढचा युनियन जोड तडकला, उघड्यावर हातभर पाईप राहिला होता. टाकीतलं पाणी गोठत नाही, बारीक पाईप आणि पंपाचं डोकं गोठतं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससभर जी थंडी पडली, तेव्हापासून इथे पंप पेटीत ठेवण्याची सवय वाढली आहे. पेटीला फोमचं अस्तर लावलं, सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची तोटी बसवली. गोठण्याची रात्र असली की पंप बंद, तोटी उघडी. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, ती ट्रेलरच्या आत घेतली.

३१ जानेवारी

पातळी ४२ सें.मी. तीन महिन्यांत फक्त १२ मि.मी.च्या आसपास पाऊस. गाळाचे १० सें.मी. सोडले तर वापरायला २,९२० लिटर. रोज ७० ने ४१ दिवस, म्हणजे १३ मार्च. पहिल्या वर्षी टाकी भरून सुरुवात होत नाही, त्यामुळे ही खोट धरूनच चालायचं होतं.

एप्रिलअखेरपर्यंत ८९ दिवस. पाऊस अजिबात झाला नाही तर ३,३०० लिटर कमी पडतील, पिकअपच्या सात खेपा. खर्च रोज ५० वर आणला तर दीड हजार, तीन खेपा. आजपासून ५०. खेपा फेब्रुवारीतच करायच्या, रस्ता कोरडा आहे आणि मार्चचा वारा सुरू झालेला नाही. आणलेलं पाणी फक्त पश्चिमेच्या टाकीत, जोडपाईपचा व्हॉल्व्ह बंद करून. आणलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते पावसाच्या पाण्यात मिसळू द्यायचे नाहीत. पूर्वेची टाकी पिण्यासाठी.